दक्षिणेचे दार आणि शोकेसमधला हसरा बुद्ध

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या आपल्या बौद्ध वस्त्यांमधल्या घरांचे रूप गेल्या पंधरा-वीस वर्षांत पार बदलले. कारवीच्या कुडाच्या भिंती गेल्या, विटा आल्या, स्लॅब आला, फरशी आली. कुणाला घरकुल मंजूर झाले, कुणाचा मुलगा आसनगाव-वासिंदहून लोकल पकडून मुंबईत नोकरीला लागला, कुणाच्या जमिनीचा तुकडा समृद्धी महामार्गात गेला आणि मोबदला हातात आला. घर उभे राहिले, रंग लागला, हॉलच्या भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा लागली. याचा आम्हाला आनंदच आहे. पण त्या प्रतिमांच्या खाली, शोकेसच्या काचेमागे काय मांडले आहे, तेही एकदा पाहू या. पोट सुटलेला, दोन्ही हात वर करून हसणारा सोनेरी पुतळा. काचेच्या ताटलीत पाणी घालून ठेवलेले धातूचे कासव. तोंडात नाणे धरलेला तीन पायांचा बेडूक. लाल फितीने बांधलेल्या हिरव्या दांड्या. दारात किणकिणणाऱ्या नळ्या. विचारले तर उत्तर मिळते, "फेंगशुई आहे. आणि तो तर आपलाच बुद्ध आहे ना!"

दुसरी गोष्ट घर बांधायच्या आधीच सुरू होते. घरकुलाचे अर्ज, दाखले, हप्ते यांच्या कामासाठी आम्ही वस्त्यांवर फिरतो. पाया आखायची वेळ आली की एक वाक्य हमखास ऐकू येते : दक्षिणेला दार नको. मिस्त्री सांगतो, सिमेंटचा दुकानदार सांगतो, मोबाईलमधले होकायंत्र पुढे करून कल्याणहून आलेला सल्लागार सांगतो. (स्लॅबच्या सळ्या आणि लोखंडी कपाट जवळ असले की ते होकायंत्र भलतीच दिशा दाखवते, हे तो सांगत नाही.) समोर रस्ता दक्षिणेला असताना दार मागे, गटाराच्या अंगाला काढलेली घरे आम्ही पाहिली आहेत. भटजी बोलावून वास्तुशांत करायची नाही, हे आपल्या लोकांना पक्के माहीत आहे. बावीस प्रतिज्ञांपैकी आठवी प्रतिज्ञा तेच सांगते. पण भटजीच्या जागी सल्लागार आला आणि पोथीच्या जागी चिनी बेडूक आला, तेव्हा आपण त्याला 'डेकोरेशन' म्हणून आत घेतले.

म्हणून या डेकोरेशनचा इतिहास आम्हाला मांडावासा वाटतो.

आधी त्या हसऱ्या पुतळ्याबद्दल. तो सिद्धार्थ गौतम नाही. चीनमध्ये नवव्या-दहाव्या शतकात, आजच्या झेजियांग प्रांतात, एक भटका भिक्खू होऊन गेला. चान परंपरेतला. पाठीवर कापडाचे गाठोडे टाकून गावोगाव फिरायचा, मिळेल ते खायचा, उरेल ते गाठोड्यात टाकायचा. लोक त्याला बुदाई म्हणत, आणि त्या शब्दाचा अर्थच कापडी पिशवी. इ.स. ९१६-१७ च्या सुमारास तो वारला. पुढे तो भावी बुद्ध मैत्रेयाचा अवतार होता अशी कथा तयार झाली आणि चिनी विहारांच्या दर्शनी दालनात त्याची मूर्ती बसली. जपानमध्ये तोच 'होतेई' झाला आणि सात भाग्यदेवतांत जाऊन बसला. बाजारात आल्यावर त्याच्या हातात सोन्याची गिन्नी आली. ज्याच्याजवळ एका गाठोड्यापलीकडे काही नव्हते, त्याच्या पोटावरून हात फिरवला की पैसा येतो, असे आता सांगतात. तो पुतळा स्वतः विकत घ्यायचा नसतो, कुणी तरी भेट द्यावा लागतो, हाही नियम कुणी काढला कोण जाणे. दुकानदाराच्या मात्र फायद्याचा आहे. वाढदिवस, गृहप्रवेश, लग्न, कुठेही खपतो.

आणि तो 'लकी बांबू' बांबू नाहीच. ड्रॅसिना जातीचे ते झुडूप मूळ मध्य आफ्रिकेतले. आपल्या डोंगरात खरा बांबू वाढतो, आपल्या शेजारच्या वाड्यांवरची माणसे त्याच्या टोपल्या, सुपे, कणग्या विणतात. त्यांच्या सुपाला आपण भाव पाडून मागतो. काचेच्या भांड्यातल्या आफ्रिकन झुडपाला मात्र सांगेल तो भाव देतो.

आता फेंगशुईकडे. या चिनी शब्दाचा अर्थ वारा आणि पाणी. ही विद्या सुरू झाली ती दिवाणखाना सजवण्यासाठी नव्हे, थडगे कुठे खणावे ते ठरवण्यासाठी. इ.स. २७६ ते ३२४ या काळात होऊन गेलेल्या गुओ पू या विद्वानाच्या नावावर जो आद्य ग्रंथ सांगितला जातो, त्याचे नावच दफनाचा ग्रंथ असे आहे. पूर्वजाची हाडे चांगल्या जागी पुरली की वंशजांना भाग्य मिळते, ही मूळ कल्पना. पुढे तिच्यातून दोन पंथ झाले. एक डोंगर-नद्यांचे आकार पाहणारा, दुसरा होकायंत्रावर चालणारा. चुंबकाची सुई जहाजांवर पोचण्याआधी चीनमध्ये जमीन पाहणाऱ्यांच्या हातात होती, हे खरे आहे आणि त्याचे श्रेय त्यांना द्यायला हरकत नाही. पण त्याच चीनमध्ये १९६६ साली सांस्कृतिक क्रांती सुरू झाली तेव्हा फेंगशुईला जुनाट खुळ ठरवून झोडपले गेले. आपल्याकडे जी आली, ती चिनी खेड्यातून आलेली नाही. लिन युन नावाच्या चिनी गुरूने १९८० च्या दशकात अमेरिकेत एक नवा पंथ रुजवला. त्याने होकायंत्र बाजूला ठेवले आणि सगळा नकाशा घराच्या दारावर बसवला : दारातून आत शिरल्यावर डाव्या हाताचा लांबचा कोपरा पैशाचा, उजव्या हाताचा लांबचा कोपरा नात्यांचा. फ्लॅट कुठल्याही दिशेचा असो, नियम लागू. विकायला यासारखे सोपे काही नाही. १९९० नंतर बाजार खुला झाला, शहरांत फ्लॅट वाढले, आणि तो माल वास्तुशास्त्राच्या दुकानातच शेजारच्या फळीवर येऊन बसला.

इथे एक मजा आहे, आणि आपल्या तरुणांनी ती नीट लक्षात घ्यावी. चिनी परंपरेत दक्षिण ही शुभ दिशा आहे. सम्राट दक्षिणेकडे तोंड करून बसायचा. १४०६ ते १४२० या काळात बांधलेल्या बीजिंगच्या राजवाड्याचे मुख्य दार दक्षिणेला आहे. कारण साधे आहे. उत्तर चीनमध्ये हिवाळ्यात मंगोलियाकडून हाडे गोठवणारा वारा येतो, धूळ येते. म्हणून घराची पाठ उत्तरेला आणि तोंड उन्हाकडे. आणि आपल्याकडच्या वास्तुशास्त्रात? दक्षिण म्हणजे यमाची दिशा, मृत्यूची, प्रेताची. एकाच दुकानातून, एकाच सल्लागाराकडून आपण दोन्ही विकत घेतो. एक शास्त्र म्हणते दक्षिणेला तोंड करा, दुसरे म्हणते दक्षिणेला दार काढाल तर घर बुडेल. दोन्ही शास्त्रे एकाच वेळी खरी कशी असतील? सल्लागाराला हा प्रश्न विचारून पाहा. तो म्हणेल, दार दक्षिणेला असले तरी चालेल, फक्त वर एक आरसा लावा, साडेसातशे रुपये.

पण दक्षिणेच्या भीतीवर हसून सोडून देता येत नाही. इथे आपला स्वतःचा इतिहास आडवा येतो.

बाबासाहेबांच्या हयातीत न छापलेले, पुढे महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखन-भाषणांच्या इंग्रजी मालिकेतल्या पाचव्या खंडात १९८९ साली छापलेले एक लेखन आहे. भारतीय खेडे अस्पृश्याला कोणत्या नियमांनी बांधून ठेवते, याची यादी त्यात बाबासाहेब देतात. त्या यादीत आहे : अस्पृश्यांची वस्ती हिंदूंच्या वस्तीपासून वेगळी असली पाहिजे. ती दक्षिणेला असली पाहिजे, कारण चार दिशांत दक्षिण सर्वांत अशुभ. अस्पृश्याने कौलारू घर बांधणे हा गुन्हा. जमीन, गुरे बाळगणे हा गुन्हा. म्हणजे दिशा, छप्पर आणि मालमत्ता हे तिन्ही एकाच यादीत आहेत. ज्या दिशेला आपल्याला ढकलले, तीच दिशा आज आपण आपल्या दारासाठी नाकारतो. प्रत्येक गावात महारवाडा अगदी दक्षिणेलाच होता असे आम्ही म्हणत नाही. ओढ्याचा उतार, वाऱ्याची दिशा, पाणवठा, यांचाही हिशेब त्यात असे : गावावरून वाहून आलेले पाणी आपल्याकडे यावे, आपल्यावरून गेलेला वारा गावाकडे जाऊ नये. पण गावाने ठरवलेले स्थान आणि त्याला शास्त्राने दिलेले कारण, यांत शास्त्राचे कारण दक्षिणेचे आहे.

हे शास्त्र नंतर कुणी बिघडवले, मुळात ते शुद्ध विज्ञान होते, असेही सांगितले जाते. तर मुळाकडेच जाऊ. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नगराची रचना सांगितली आहे. उत्तरेला देवता आणि ब्राह्मण, पूर्वेला क्षत्रिय, दक्षिणेला वैश्य, पश्चिमेला शूद्र. आणि पाषंड व चांडाळ? त्यांनी स्मशानाच्या कडेला राहायचे. पाषंड म्हणजे वेद न मानणारे, श्रमण परंपरेचे लोक. वेद नाकारणारा आणि जन्माने अपवित्र ठरवलेला, दोघांना एकाच ठिकाणी, प्रेतांच्या शेजारी जागा. गंमत अशी की सम्राट अशोकाच्या शिलालेखांत हाच पाषंड शब्द सर्व पंथांसाठी आदराने येतो. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळ-श्वपचांचा निवास गावाबाहेर सांगितला आहे, ते तर आपल्या सर्वांना पाठ आहे.

सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वास्तुविद्येचा स्वतंत्र अध्याय आहे. आजचे वास्तुवाले ज्याचे नाव छातीवर मिरवतात, तोच हा ग्रंथ. त्यात ब्राह्मणासाठी पांढरी माती, क्षत्रियासाठी तांबडी, वैश्यासाठी पिवळी, शूद्रासाठी काळी. मातीचा वाससुद्धा वर्णानुसार : तुपाचा, रक्ताचा, अन्नाचा, मद्याचा. जमिनीचा उतार ब्राह्मणाला उत्तरेकडचा हवा आणि मग क्रमाने इतरांचे. त्यात ब्राह्मणाला मात्र सगळ्याच जागा चालतात. घराची रुंदी ब्राह्मणाला ३२ हातांपासून, क्षत्रियाला २८, वैश्याला २४, शूद्राला २० हातांपासून. चार-चार हात कमी करत १६ पर्यंत यायचे. त्याच्याही खाली जे उरेल ते अति हीनांसाठी. हा ऊर्जेचा प्रवाह नाही, मित्रांनो. हातावर मोजलेली जात आहे.

आपल्या गावरहाटीच्या बोलीतही पांढरी आणि काळी हे शब्द आहेत. पांढरी म्हणजे गावठाणाची, वस्तीची जमीन आणि काळी म्हणजे पिकाची. शेतकऱ्याने माती पाहून दिलेली ही नावे. पांढरीच्या आणि काळीच्या हद्दीचा तंटा लागला की साक्ष महाराची घेत, कारण शिव त्याला ठाऊक असे. ज्याला गावाची तसू न् तसू जमीन माहीत होती, त्यालाच त्या जमिनीवर घर बांधायला पांढरीत जागा नव्हती. आणि त्याच्या नातवाला आज कल्याणचा सल्लागार जमीन समजावून सांगतो!

आता बुद्धाकडे येऊ, कारण हसऱ्या पुतळ्याच्या बचावासाठी बुद्धाचे नाव घेतले जाते. दीघनिकायातले पहिलेच सुत्त ब्रह्मजाल. त्यात श्रमण-ब्राह्मण पोट भरण्यासाठी ज्या हीन विद्या वापरतात आणि ज्यांपासून भगवान दूर आहेत, त्यांची लांबलचक यादी आहे. हात पाहणे, स्वप्ने सांगणे, शकुन-अपशकुन, ग्रहणाचे भाकीत. त्या यादीत 'वत्थुविज्जा' हा शब्द आहे. वत्थु म्हणजे वास्तू. घराच्या जागेचे शुभ-अशुभ सांगून पैसे मिळवणे तेव्हाही चालत होते आणि तेव्हाच बुद्धाने त्याला हीन विद्येच्या रांगेत बसवले होते. 'बुद्धिस्ट वास्तू' नावाचा जो नवा प्रकार सध्या विकला जातो, त्याच्या विक्रेत्यांनी हे सुत्त एकदा वाचावे. ते अडीच हजार वर्षांच्या परंपरेत त्यांच्या धंद्याचे नाव घेऊन लिहिलेले आहे.

दुसरे सुत्त सिगालाचे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गृहस्थाचा विनय सांगताना ते घेतले आहे. राजगृहाजवळ सिगाल नावाचा गृहस्थाचा मुलगा सकाळी न्हाऊन, ओल्या केसांनी, ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना हात जोडत होता. मरताना बापाने सांगितले म्हणून. बुद्ध त्याला हसत नाही, झिडकारत नाही. दिशांची पूजा अशी करत नाहीत, एवढे सांगून तो प्रत्येक दिशेत माणसे उभी करतो. पूर्व म्हणजे आई-वडील. पश्चिम म्हणजे पत्नी आणि मुले. उत्तर म्हणजे मित्र. वरची दिशा श्रमण-ब्राह्मणांची. खालची दिशा नोकर आणि कामगारांची. आणि दक्षिण? दक्षिण म्हणजे आचार्य, शिकवणारे. वैदिक परंपरेने जिथे यम बसवला, तिथे बुद्धाने शिक्षक बसवला. आणि त्या शिक्षकाने शिष्यासाठी करायच्या पाच गोष्टींत शेवटची कोणती सांगितली? सगळ्या दिशांत त्याचे रक्षण होईल असे करणे. दारावर लावायच्या आरशाचे काम सुत्तात शिक्षणाकडे दिले आहे.

खालच्या दिशेबद्दलही थोडे थांबायला हवे. कामगाराला त्याच्या ताकदीप्रमाणे काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारात बघावे, वेळेवर सुट्टी द्यावी, असे तिथे सांगितले आहे. आपल्या भागात घराला लागणारी वीट कोण थापते? कातकरी कुटुंबे. पावसाळा संपता संपता उचल घेतात आणि चिल्ल्यापिल्ल्यांसह भट्टीवर जातात, पोरांची शाळा सुटते, आणि वर्षअखेर हिशेब फिटत नाही. घराच्या ईशान्य कोपऱ्यात काय ठेवू असे आम्हाला विचारणाऱ्या एकानेही आजवर ही वीट कुठल्या भट्टीची, असे विचारलेले नाही.

आणि याचा पुरावा आपल्या अंगणात आहे. जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या, आता पालघरमध्ये गेलेल्या सोपाऱ्याला अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडले. आठव्या लेखाचा तुकडा १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा जवळच्या भुईगावला १९५६ साली मिळाला. होय, ज्या वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, त्याच वर्षी. हा नववा लेख कशाबद्दल आहे? मंगलविधींबद्दल. आजारपणात, लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना प्रकारचे मंगलविधी करतात, ते क्षुद्र आहेत, त्यांचे फळ थोडे आहे, असे सम्राट सांगतो. मोठ्या फळाचे मंगल कोणते? दास आणि नोकरांशी नीट वागणे, गुरूंचा आदर, प्राण्यांविषयी संयम, श्रमण-ब्राह्मणांना दान. सिगालाच्या सुत्तातली दक्षिण आणि खालची दिशा इथे दगडावर कोरलेली दिसते. बावीसशे वर्षांपूर्वी आपल्या किनाऱ्यावरच्या बंदरात येणाऱ्या-जाणाऱ्या माणसाला हे वाचून दाखवले जात असणार.

त्या बंदरातून माल निघाला की कल्याणवरून मुरबाडमार्गे नाणेघाट चढून जुन्नरला जायचा. आजही वैशाखऱ्यावरून ती वाट चढता येते. आपली पोरे पावसाळ्यात रील काढायला जातात, तीच वाट. वर सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, आणि वाटसरूंसाठी खोदलेली पाण्याची टाकी आहेत. त्यांतले एक सोपाऱ्याच्या गोविंददासाने दिलेले, असे तिथल्या लेखात आहे. पाण्याने संपत्ती यावी म्हणून त्याने घरात कारंजे बसवले नाही, डोंगरावर तहानलेल्यासाठी टाके खोदून दिले. घाट ओलांडून जुन्नरला गेलात की लेण्याद्री लागते. भिक्खूंचे विहार आणि चैत्य, इ.स. पहिल्या ते तिसऱ्या शतकातले, सुमारे तीस लेणी. सगळ्यांची तोंडे दक्षिणेला. आता त्यातल्याच एका विहारात गिरिजात्मज गणपती आहे आणि अष्टविनायकाच्या यात्रेत लाखो लोक दक्षिणेकडे तोंड असलेल्या त्या लेण्यात मनोभावे हात जोडतात, आणि घरी येऊन दक्षिणेच्या दाराला घाबरतात. अजिंठ्याची लेणी वाघूर नदीच्या नालेसारख्या वळणावर आहेत, प्रत्येकाची दिशा वेगळी. भाजे, कार्ले पश्चिमेला. आपल्या पूर्वसुरींनी कातळ पाहिला, पाणी पाहिले, उजेड पाहिला.

यावर आपले काही मित्र म्हणतात, "अहो, नुसती शोभेची वस्तू आहे, एवढे काय?" शोभेसाठी असेल तर आमचे काहीच म्हणणे नाही. मातीचा बैल ठेवा, वारली चित्र लावा, तो हसरा भिक्खूही ठेवा. पण शोभेच्या वस्तूचे तोंड कुठे असावे याचा नियम नसतो आणि ती फुटली तर घरात कुणी रडत नाही. मुलीचा बारावीचा निकाल वाईट लागला तेव्हा कासवाचे तोंड फिरले होते का ते पाहिले जाते, तेव्हा ती शोभा राहिलेली नसते. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानेही वास्तुशास्त्राच्या सल्ल्याला कक्षेबाहेर ठेवले आहे. म्हणजे हे काम कायदा करणार नाही. आपल्यालाच करावे लागेल. आणि हे फक्त खेड्यातल्या अडाण्यांचे खूळ आहे असेही कुणी समजू नये. हैदराबादचे जुने सचिवालय २०२० साली पाडले गेले तेव्हा वास्तुदोषाची चर्चा देशभर झाली. सरकारने कारणे दिली ती सोयींची आणि अग्निसुरक्षेची. ३० एप्रिल २०२३ ला तिथे नवी इमारत उघडली, तिला नाव दिले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. ज्या बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधले ते ग्रंथांसाठी, त्यांचे नाव!

मग घर बांधताना काहीच पाहायचे नाही का? पाहायचे, आणि खूप पाहायचे. शहापूर-मुरबाडला पावसाळ्यात दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो नैऋत्येकडून, पश्चिमेकडून झोडपतो. त्या बाजूला मोठी खिडकी ठेवली आणि वर छज्जा दिला नाही तर भिंत चार महिने ओली राहते, बुरशी धरते, घरातली म्हातारी माणसे खोकत राहतात. पश्चिमेचे ऊन मार्च ते मे दुपारभर भिंत तापवते, रात्री तीच भिंत उष्णता आत सोडते. त्या बाजूला झाड लावावे, न्हाणीघर किंवा जिना द्यावा. आणि दक्षिण? आपण साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहोत. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावर किंवा जरासा उत्तरेला असतो, बाकी वर्षभर दक्षिणेच्या आकाशात. डिसेंबरात भर दुपारीही तो ४७ अंशांच्या आसपासच चढतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत दूरवर येते. थंडीत उजेड आणि ऊब, उन्हाळ्यात लहानशा छज्ज्याने सावली. आपल्या अक्षांशावर दक्षिणेची भिंत ही सांभाळायला सगळ्यात सोपी भिंत आहे.

पाण्याचेही तसेच. घरात ईशान्येला पाणी ठेवले की लक्ष्मी येते म्हणतात. १८९२ पासून तानसाचे पाणी शहापूर तालुक्यातून मुंबईला जाते. भातसाचेही जाते, आणि मुंबईच्या पाण्यातला सर्वांत मोठा वाटा तोच. बारवी धरणात मुरबाडची गावे बुडाली. पाणी तर इथे भरपूर आहे, आणि एप्रिल-मेमध्ये त्याच धरणांच्या तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. हंडा कुठल्या कोपऱ्यात ठेवला यावरून ते ठरलेले नाही.

घरकुलाच्या योजनेत घर २५ चौरस मीटरचे, म्हणजे २६९ चौरस फुटांचे, आणि सपाट भागात केंद्राच्या योजनेतून मिळणारे अनुदान १ लाख २० हजार. एवढ्या जागेत नऊ कोपरे आणि आठ दिशा शोधत बसलो तर माणसे राहणार कुठे? त्याऐवजी ज्यांची घरे आता उभी राहायची आहेत त्यांनी काही गोष्टी विचाराव्यात. घराखालची जागा गावठाणात आहे, गायरानात आहे की वनखात्याच्या नोंदीत? ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये घराची नोंद झाली का आणि ती नवरा-बायको दोघांच्या नावाने आहे का? शोषखड्डा विहिरीपासून, बोअरपासून पुरेसा लांब आहे का? चुलीचा धूर कुठून जाईल? मिस्त्री दक्षिणेला दार नको म्हणाला तर त्याला रस्ता कुठे आहे ते दाखवा आणि दार रस्त्याकडे काढायला सांगा. दाराशेजारी त्याच भिंतीत चार फुटांची खिडकी, वर दोन फुटांचा छज्जा, आणि आत, खिडकीच्या खाली, पोरांच्या अभ्यासाचे टेबल.